पंधरा खवले

लोअर परळच्या निळ्या काचेच्या इमारतीखाली
घार पडली होती.
वॉचमन रामसजीवनने बुटाच्या खोक्यात घालून आणली,
वर पावाचा कागद.
मिस्किटा मॅडमनी मान हलवली. तांडेल, ही गेली.
कवटी साफ करून ठेवा, मुलांना दाखवू.

एकवीस वर्षं हेच करतो मी:
कोमट पाणी, झाकण, धीर.
वास येतो म्हणून मला गच्चीवरची खोली दिली आहे.

नवव्या दिवशी चहाच्या गाळणीत
नखाएवढे पंधरा खवले उतरले, हाडाचे.
एकावर एक सरकवत बसवले, तर कडं झालं.
ह्या कड्यात घारीचा डोळा बसतो,
आपल्यासारखा गोटी होऊन गरगरत नाही.
दुसऱ्या डोळ्याचे खवले सापडले नाहीत.
काच त्या बाजूने लागली असावी.

मॅडमचं लेक्चर मला पाठ आहे,
मागच्या दारात उभं राहून ऐकलेलं.
घारीच्या एका डोळ्यात पाहण्याच्या दोन खळग्या:
एकीत ससून डॉकावरची बादली,
दुसरीत बादलीकडे तिरका सरकणारा कावळा,
दोन्ही एकदम, दोन्ही धारदार.
आत एक काळी फणी उभी, पडद्याला पोसणारी.
तिसरी पापणी आडवी येते जाते,
काचेवरून फडकं फिरावं तशी.

घुबडाचा डोळा नळीसारखा, खोबणीत हलतच नाही,
म्हणून ते अख्खी मान फिरवतं.
(आमचे हेडक्लार्क डोळाही हलवत नाहीत आणि मानही.)
शिवडीच्या चिखलात चोच खुपसलेला तुतवार
डोळे कडेला ठेवून जेवतो,
पाठीमागचा ससाणा त्याला न वळता कळतो.
आणि पाणकावळा बुडी मारताना
डोळ्यातलं मऊ भिंग बाहुलीतून पुढे दाबतो,
कणकेचा गोळा बोटांतून निसटावा तसं.
पाण्याखाली त्याला मासा दिसतो. आपल्याला फक्त पाणी.
कबुतराला म्हणे आपली जुनी ट्यूबलाइट
सतत थरथरताना दिसते.
तेव्हापासून मी व्हरांड्यातली बंद ठेवतो.

हे सगळं घडायला किती कोटी वर्षं लागली,
मॅडम आकडा सांगतात, मुलं लिहून घेतात.
त्या निळ्या काचेला अकरा महिने झाले.
तिच्यात आकाश होतं,
ढगासकट, दुसऱ्या घारीसकट.
चूक नाही झाली. तिने
अगदी नीट पाहिलं.

शुक्रवारी कडं कापसात, काडेपेटीत घालून
माहुलला नेलं.
आई चाळीस वर्षं चेंबूरला पाटी घेऊन बसायची.
गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य तेच:
मासलीचा डोला बघ आधी.
वर आलेला, लख्ख, तर आजची.
आत बसलेला, दुधी, तर उचलू नको बाय, मी सांगते.
स्वतःच्याच मालाबद्दल असं बोलायची,
म्हणून आमच्या घराला दुसरा मजला नाही.

तिने काडेपेटी उघडली.
खवलं फेकतात मेल्या, जपून नाय ठेवीत.
मग कडं चिमटीत धरून डोळ्याला लावलं
आणि रिफायनरीच्या ज्वाळेकडे
बराच वेळ बघत राहिली.
काय दिसलं, मी विचारलं.
भोक, ती म्हणाली.
आणि जेवायला वाढलं.

कडं आता कपाटात आहे,
खाली चिठ्ठी, माझ्या अक्षरात: घार, डावा डोळा.
गच्चीवरच्या खिडकीच्या काचेवर
मी खडूने उभ्या रेघा ओढतो, जवळजवळ.
शिपाई दिवेकर दर शनिवारी पुसतो.
सोमवारी मी नवा खडू घेतो.