देणेकरी

चौथी पास म्हणून लेखनिक केलं मला,
सतराव्या वर्षी.
काजूच्या झाडाखाली दोन बाकं, एक डुगडुगतं टेबल,
खोडावर खिळ्यांनी ठोकलेला पक्षाचा फलक :
स्त्री मोकळी झाल्याशिवाय क्रांती नाही.
शेवटचा शब्द डिंकात बुडालेला.

पाच न्यायाधीश, त्यांत दोघी बाया.
कॉम्रेड फेलिझार्दा वीटभट्टीवरून थेट आलेल्या,
कोपरापर्यंत लाल.

आल्सिंदा सितोए उभी राहिली.
'मला त्याच्या घरी जायचं नाही.'
ओठावर तीन टाके होते,
कारण कुणी विचारलं नाही.

फेनियास म्हणाला, 'जाऊ दे की.
पण सतरा महिने सोन्याच्या खाणीत काढले मी, जमिनीच्या पोटात,
तेव्हा तिच्या बापाच्या ओंजळीत लोबोलो मोजला.
तो परत द्या.'

'नवा कायदा लोबोलो मानत नाही.'
'कायदा उतरला होता का खाणीत?'
हे मी लिहिलं.
मग वाटलं, लिहायला नको होतं.

पैसे कुठे आहेत?
आल्सिंदाचा भाऊ उठला.
त्याच पैशांवर त्यानं बायको आणली होती.
मग ती बायको उठली, कडेवर पोर,
'माझ्या बापानं गाई घेतल्या त्याच्या. सहा.'
आणि गाई?
'लिंपोपोच्या पुरात गेल्या.'

आधी माणसं हसली.
मग गप्प झाली.
फूटपट्टीनं आखल्यासारख्या या नव्या गावात
आम्ही सगळे त्याच पुरानं आणून टाकलेलो.

फेलिझार्दा माझ्याकडे वळल्या.
'देणेकरी या रकान्यात, पोरी,
नदी लिही.'

लिहिलं. नदी.
'राहणार'पुढे जागा उरली होती,
तिथे लिहिलं, समुद्राकडे.

आल्सिंदाला काडीमोड मिळाला,
मुलगी मिळाली, दोन पातेली, एक कुदळ.
फेनियास उन्हं कलेपर्यंत बाकावर बसून होता,
खाणीतली टोपी गुडघ्यावर उपडी ठेवून.
त्याचीही कीव आली मला, ते मात्र नोंदवलं नाही.

महिन्यानं जिल्ह्याहून निरीक्षक आले.
लाल शाईनं नदी खोडली,
समासात शेरा मारला : गांभीर्य राखावे.

त्याच रात्री आमच्या अंगणात दोन पाहुणे.
वडील नुकतेच पक्षाच्या बैठकीतून आलेले,
दंडावरची फीत अजून तशीच.
चटई अंथरली. कंदिलाची वात वर केली.
कुडाआडून मला आधी आकडा ऐकू आला,
मग वडिलांचा आवाज, जरा खालच्या पट्टीत :

'चौथी पास आहे.
न्यायालयात लिहिते.
थोडं वाढवून द्या.'