च गिळून टाकायचा

पुलाचा गंज मोजायला गेलो होतो, नऊ दिवसांसाठी.
ओरेगॉनचा किनारा. पाटीवरची इंग्रजी अक्षरं
दिसली तशी वाचली : याचॅट्स.
पोस्टातल्या डेल्फीन रूडने तिकिटं हातातच धरून ठेवली.
"नाव पुन्हा म्हणा."

म्हटलं.
"नाही. याहॉट्स.
च लिहायचा, पण गिळून टाकायचा.
चष्मा पुसायला काचेवर हा करता ना,
तेवढाच ह."
माझ्यामागे रांगेत तिघं. कुणी कुरकुरलं नाही.
एकाने तर पावाची पिशवी छातीशी धरून
माझ्याबरोबर ओठ हलवले.

मला ते जड गेलं नाही.
चार आणि चारा एकाच च ने लिहिणाऱ्या भाषेतला मी;
जग म्हणजे दुनिया,
आणि जग म्हणजे मरू नकोस,
हा फरक आम्हीही कागदावर सांगत नाही.

पण एवढी सक्ती कशाला?
तिने आत पाहिलं. आत टपाल लावत होता
तिचा भाऊ ऑर्विन. डाव्या हाताला तीन बोटं.

एका डिसेंबरात खेकड्यांचे पिंजरे ओढताना
हात दोरात गेला, होडी खडकांकडे.
रेडिओवर तो ओरडत राहिला,
याहॉट्सच्या तोंडाशी, याहॉट्सच्या तोंडाशी.
आणि ऐकणारा पोरगा, नेवाडाच्या वाळवंटातून नुकताच आलेला,
नकाशाच्या सूचीत वाय, ए, एच शोधत बसला.
अकरा मिनिटं.
"दोनच ओळी वर होतं," डेल्फीन म्हणाली,
"सी वरून त्याचं बोट सरकून गेलं."
रागावून नाही म्हणाली.
तो पोरगा दर नाताळला पिस्त्यांचा डबा पाठवतो.
पत्ता लिहिताना
सी जरा मोठाच काढतो.

अर्थ मात्र काउंटरवर मिळत नाही.
मोटेलच्या माहितीपत्रकात आहे :
डोंगराच्या पायथ्याचं काळं पाणी.
छान आहे. म्हणूनच शंका आली.

पुलाखाली ओहोटीला शिंपले काढायला येते
व्हर्ला डिक्सन. तिची माणसं पाटीच्या आधीची,
सैनिकांनी हाकलत इथे आणलेली,
मग इथूनही हाकललेली.
माझा उच्चार ऐकून तिने बादली खाली ठेवली.
"डेल्फीनने शिकवलं? तीही चुकीचंच म्हणते.
तिचा ह ओठांपाशी आहे. तो इथून यायला हवा."
गळ्याच्या खाली, हाडांच्या खोबणीत, ओलं बोट.

म्हणून दाखवा ना.
"मला नाही येत. मावशीला यायचं.
पण ती नेमकं बादली उचलताना म्हणायची,
त्यामुळे कळलंच नाही कधी
शब्द कुठे संपला
आणि धाप कुठे सुरू झाली."

आणि अर्थ?
तिने नदीकडे पाहिलं. नदी तिथे
समुद्राला मिळायच्या आधी जराशी थबकते,
वरच्या झाडांची सावली पोटात घेऊन.
"समोरच तर होतं," व्हर्ला म्हणाली, "सांगायचं काय?"

माझ्या अहवालात एक रकाना होता, पाण्याचा रंग.
आधी गढूळ लिहिलं. खोडलं.
नंतर सरकारी पेन थंडीने चालेना.

शेवटच्या दिवशी डेल्फीनने एक पावती उलटी करून पुढे सरकवली.
"तुमच्या अक्षरांत लिहा."
याहॉट्स. झालं. सी नाही, गिळणं नाही,
चुकायला जागाच नाही.
"हे पहिलं काय म्हणतं?"
या. म्हणजे... यावं. दारातल्या माणसाला म्हणतात.
"आणि गळ्यातला तो ह? व्हर्लाचा?"
म्हणजे तिला माहीत होतं.
तो नाही, म्हटलं. तो आमच्याकडेही नाही.

तिने पावती घेतली, तिकिटांच्या दरपत्रकाशेजारी
टाचणीने लावली,
उलटी.
शिरोरेषा खाली, अक्षरं तिच्यावर उभी,
भरतीच्या रेषेवर समुद्रपक्षी उभे राहतात तशी.
ऑर्विन आतून आला, मान तिरकी करून बघितलं,
छान म्हणाला.
मी काही बोललो नाही.