रिपीट

हुपरीहून आलीय तस्लीम शिकलगार.
मनगटाला पट्टी, तिसरा महिना.
पैंजणाला डाग देताना फिट आली,
हात ज्योतीवर पडला.
"गोळ्या?"
"सोडल्या की. बाळाला बाधत्यात म्हनं."
जावेनं सांगितलं, मोबाईलनं सांगितलं,
शेजारच्या भट्टीवरच्या कारागिरानंसुद्धा.
मी तेवढं नव्हतं सांगितलं.

फाइलची मागची पानं उलटते.
सहा वर्षं माझंच अक्षर : रिपीट, रिपीट.
मधे एक तारीख,
त्या दिवशी ती निकाहाची पत्रिका घेऊन आली होती,
सोबत डब्यात खोबऱ्याच्या वड्या.
मी वडी खाल्ली
आणि पुन्हा तेच लिहिलं.
गोळी तेव्हाच बदलायची होती.

"मग ती सगळी खोटं सांगत हुती व्हय?"
अर्धं खरं, तस्लीम.
ती जुनी गोळी बाळाला बाधते.
झटकाही बाधतो,
त्याला, आणि आधी तुला.

बाहेर दसरा चौकात हॉर्न,
शिपाई दारातून विचारतो, अजून किती वेळ?
थांबू देत.
मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावते,
त्यांनी सांगितलेला आकडा दोनदा वाचून दाखवते.
मग लिहिते. मराठीत, मोठ्या अक्षरात,
सकाळी किती, रात्री किती,
फॉलिकची वेगळी, खाली माझा नंबर.
'स्वतःहून बंद करू नये'
लिहिताना पेन अडतं.
खोडून लिहिते : बंद करावीशी वाटली तर आधी मला विचार,
रात्रीसुद्धा.

ती कागद खिडकीकडे धरते,
चांदीतली खोट बघावी तसा,
बराच वेळ.
मग विचारते,
"आणि ही पट्टी कवा काढायची?"