डागाचा पत्ता

मडगावात, कोंब भागात, पत्र्याच्या कुंपणाआड
अकरा नळ्या पुरल्यात जमिनीत.
दर दुसऱ्या बुधवारी मी त्यांची झाकणं काढते,
दोरीने बाटली खाली सोडते,
वर येईल त्यावर चिठ्ठी डकवते :
तारीख, वेळ, खोली.

इथे रिबेलोंची लाँड्री होती. एकोणचाळीस वर्षं.
लग्नाचे सूट, पाद्रींचे झगे, वकिलांचे काळे कोट,
तियात्रातल्या राजाची मखमल.
शालू आणि मिस्साचा झगा
एकाच पिंपात एकमेकांभोवती फिरले,
कुणाला विटाळ झाला नाही.

आपण म्हणतो, डाग गेला.
तो खाली गेला.

तेल बरं. तरंगतं, दिसतं, माणूस ओरडतो.
हे द्रावण पाण्याहून जड.
फरशीच्या सांध्यातून, जांभ्याच्या छिद्राछिद्रातून
बांयचं पाणी ओलांडून
चिकणमातीवर जाऊन बसलं
मुंडकारासारखं : आता उठवून दाखवा.

यंत्र रात्रंदिवस जमिनीचा श्वास ओढतं,
कोळशातून गाळतं.
सात नंबरची नळी नऊशेवरून साठावर आली, मग
पावसानंतर पुन्हा दोनशे दहा.
शेजारच्या कुंकळयेकर बाईंनी विचारलं,
तुळशीला तरी घालू ना बांयचं पाणी?
नको म्हटलं.
हे सांगायचं कुणी शिकवलं नव्हतं मला.

बिल्डर गाडीतून उतरत नाही. काच खाली होते.
‘शून्य कधी?’
त्याच्या फलकावर सात मजले, खाली दुकानं,
एक मूल, एक फुगा.
शून्य नसतं, मी सांगते. अहवालात लिहितात
‘आढळले नाही’.
म्हणजे आमच्या यंत्राची नजर तिथवरच.
‘मग तेच लिहा.’ काच वर.

आज पिएदाद आली. लाँड्रीत इस्त्री करायची ती.
हातात पिशवी, पिशवीत कोट,
पावती क्रमांक चारशे बारा, कुणी नेलाच नाही.
दुकान बंद झाल्यापासून तिच्या कपाटात आहे.
‘तुमच्या कामाला येतो काय, बाय?’

पांढरा कोट. कॉलरपर्यंत स्वच्छ.
मी नाकाशी धरला :
डांबराच्या गोळ्या,
आणि त्यांच्या मागे, अगदी मागे,
सात नंबरची नळी.