समास

टिंबर मार्केटातून पहिलं पोतं आणलं
देवदाराच्या भुशाचं, रिक्षानं, धनकवडीपर्यंत.
घरभर वास, नव्या कपाटात तोंड घातल्यासारखा.
वाटलं, स्वस्तात स्वर्ग.
तिसऱ्या रात्री उंदीर शिंकायला लागले,
अकराच्या अकरा,
दूर कुणाच्या घरी मोहरी तडतडावी इतक्या बारीक.
नाकांशी लाल.
रक्त नाही हे, म्हणाले डॉक्टर उमराणी,
पण वास काढा घरातून.
तुम्हाला आवडतो तोच त्यांना बाधतो.

मग कर्वेनगरच्या दुकानात
परदेशी लाकडाचे ढलपे, पाकिटावर हसरा ससा,
किंमत सशाच्या पोटाखाली, बारीक अक्षरांत.
दाबून पाहिलं. मऊ होतं.
महागातला फ्लॉवर ठेवावा तसं जागेवर ठेवलं.

पौडहून भाताचा तूस आणला, त्यात किडे.
खालच्या सुताराचा भुसा फुकट,
पण प्लायवूडचा, सरसानं माखलेला.

रद्दी चालली ती फक्त जिलबीला.
जिलबी म्हणजे माझी सापीण:
केशरी, वेटोळं घालून बसली
की पाकात सोडावीशी वाटते.
तिला खालच्या बातम्यांचं काही नाही,
कोरडं असलं की झालं.
उंदरांचं तसं नसतं. त्यांना खणायचं असतं,
आणि शाईनं त्यांचे तळवे काळे व्हायचे,
अंगठे उठवून आल्यासारखे.

शनिवार पेठेत यासीन अत्तार, बाइंडर.
नाव अत्तार, दुकानात वास फक्त खळीचा.
कटिंग मशीनखाली कोऱ्या पट्ट्यांचा ढीग:
पुस्तकांचे कापून टाकलेले समास.
कशाला हवेत?
उंदरांना.
त्यांनी मशीन थांबवलं.
“बाई, बेचाळीस वर्षं
मी उंदरांपासून कागद राखतोय.”
मग म्हणाले, वीस रुपये. पोतं आपलं आणायचं.
हसले नाहीत.
पुढच्या खेपेला मात्र गुळगुळीत, रंगीत पट्ट्या
वेचून बाजूला ठेवल्या होत्या.

आता कोपऱ्यात गोल घरटं आहे,
त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली सात.
गुरुवारी मी दुसऱ्या पिंजऱ्यात हात घालते.
कुणाला उचलायचं ते आधी ठरवत नाही.

धाकटी जाऊ विचारते,
मरायचंच आहे त्याला, तर गादीचा एवढा घोळ कशाला?
मला मोठं उत्तर येत नाही.
दोन महिने होते त्याच्याकडे.
ते शिंकत जायला नको होते.

जिलबीला वाढते ते मेलेलं, कोमट,
स्टीलच्या ताटलीत,
कागद पोटात जाऊ नये म्हणून.
ताटली वेगळी ठेवलीय. घासणी पण.

रविवारी ओली कातरण उपसते.
एका पट्टीवर चुकून राहिलेला पानाचा आकडा:
एकशे त्रेसष्ट.
तिनाची शेपटी
कुणीतरी खाल्लेली.