एकसष्टावी

दारूखान्याच्या शाळेला चार मजले,
मुलं दुसऱ्यावरच संपतात.
तिसऱ्यावर तमिळ माध्यम होतं,
दारावरची पाटी तेवढी कुणी काढली नाही.
आत निवडणुकीची रिकामी खोकी
आणि पंचम न लागणारी बाजाची पेटी.

पटाचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
त्रेसष्ट सालच्या पानावर वडिलांचा धंदा:
गोदी. गोदी. गिरणी. गोदी.
गाव: वाई, संगमेश्वर, जुन्नर.
पानं उलटत गेलं की शाई बदलते,
गुलबर्गा येतं, मेहबूबनगर, बस्ती,
लोखंड तोडणे, नाका, कबाड, नाका,
आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा
'मोटारसायकलवरून जेवण पोचवणे'.
रकाना अरुंद. 'पोचवणे' खालच्या मुलाच्या बापाला मिळालं.

मातृभाषेसाठी संगणक यादी दाखवतो.
तीत वडारी नाही. 'इतर' आहे.
माझ्या चौथीत अकरा इतर आहेत,
अकराही जण 'ळ' माझ्या नातवापेक्षा नीट म्हणतात.
नातू इंग्रजीत जातो. वडालाला.

तीस सप्टेंबरला मोजणी.
साठ मुलांना दोन शिक्षक,
एकसष्टांना तीन.
आम्ही तिघी आहोत, मुलं साठ.
तोडकरबाई सगळ्यात नव्या, जायचं तर त्यांनी.
त्या हजेरी दोनदा मोजतात.

सत्तावीसला एक पोरगी आईला घेऊन आली.
नाव दुर्गव्वा.
आडनाव विचारलं तर आई हसली.
जन्म?
"त्या पुलाचा पैला खांब भरला ना, तवाची."
मी खिडकीतून पाहिलं.
पुलावरून गाड्या चालल्या होत्या.
खांबावर आकडा होता, सतरा. तारीख नव्हती.

मला बापाने शाळेत नेलं तेव्हा
गुरुजी म्हणाले, हात डोक्यावरून ने, कान धर.
पोचला.
लिहिलं, एक जून.
आख्ख्या वर्गाचा एक जून.
त्याच तारखेच्या हिशेबाने
येत्या मेअखेर मला निरोपाचा नारळ आहे;
खरी कधी जन्मले ते आईलाही
भुईमुगाच्या काढणीपुरतंच ठाऊक होतं.

म्हटलं, दुर्गव्वा, ने गं हात डोक्यावरून.
तिने कान धरला, कानातली तार चाचपली,
आणि शिक्षा झाली समजून तशीच उभी राहिली.
सोड म्हणायला मीच विसरले.
हमीपत्रावर आईचा अंगठा घेतला.
एक जून.
तोडकरबाई काही बोलल्या नाहीत,
पंखा बंद केला, शाई वाळेपर्यंत.

एकोणतीसला दस्तगीरचा बाप आला,
दाखला पाहिजे. झोपडी तुटली,
माहुलला खोली दिलीय, टेम्पो खाली उभा आहे.
मी कपाटाकडे पाहिलं. किल्ली माझ्याच पदराला.

म्हटलं, साहेब नाहीत. परवा या.

तो बाकावर बसला, पहिलीच्या, गुडघे छातीशी.
टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.
मी त्याला विचारलं, चहा घेणार का.