खारफुटी नाही

सावनेर रोडला, चिमण्या दिसतात त्या वस्तीत,
भागरथाबाई सोमकुवरांच्या स्लॅबवर
हवा मोजायचं यंत्र ठेवलं. चोवीस तास घरघरेल,
विजेचं बिल कंपनी देईल, म्हणालो.
ठेवा ना जी, कुरडया तेवढ्या सरकू द्या.

फिल्टरचा कागद सकाळी पांढरा,
वजन चार दशांशांपर्यंत लिहिलेलं.
दुसऱ्या सकाळी उंदराच्या पाठीसारखा.
पाकिटात घातला, तारीख टाकली.
बाईंनी एक कुरडई उचलून फुंकली,
माझ्या तळहातावर ठेवली.
हे पण मोजा.

कुरडईला रकाना नाही.

मार्च, एप्रिल, मे: आधाररेषा तीन महिन्यांची.
त्याआधीची सगळी राख
रेषेच्या खाली जमा.
मोह सतरा, पळस चाळीस,
घेर छातीच्या उंचीवर.
कोणाच्या छातीच्या, ते लिहायचं नसतं.
रातवा दोनदा ऐकला. "तुरळक" लिहिलं.

जनसुनावणीला मंडप, कूलर, तर्री-पोहे.
बाई बोलल्या नाहीत. पिशवीतून डबा काढून
टेबलावर ठेवला, साहेबांच्या बाटलीजवळ.
इतिवृत्तात: एका महिलेने खाद्यपदार्थ सादर केले.

अहवाल चारशे बारा पानांचा.
कोकणातल्या कुठल्याशा जुन्या कामातून उचललेलं
एक वाक्य पान दोनशे सहावर राहून गेलं:
प्रकल्पक्षेत्रात खारफुटी नाही.

मी तीनदा तपासलं.
नागपुरात खारफुटी नाही.
तेवढ्या एका वाक्याखाली
हात न थरथरता सही केली असती.
सहीची जागा मात्र
शेवटच्या पानावर होती.